गिनी पिगचा डोळा पुन्हा पुन्हा बिघडतोय? आधी हे तपासा

चिंगीचा उजवा डोळा पहिल्यांदा गळायला लागला तो मृगाचा पाऊस सुरू झाला त्या आठवड्यात. थेंब घातले, आठ दिवसांत डोळा कोरडा झाला. गणपतीत पुन्हा तेच. पुन्हा थेंब, पुन्हा आराम. दिवाळीच्या तोंडावर तिसऱ्यांदा पापण्या चिकटल्या तेव्हाच मला कळायला हवं होतं की थेंबांनी फक्त वरचं पाणी थांबतंय, आतलं कारण तसंच आहे. ते कळायला आणखी दोन महिने गेले आणि तेवढ्यात तिचं वजन ९४० ग्रॅमवरून ८१० वर आलं.

आमची वाडी मालवण तालुक्यात. जवळचे डॉक्टर गुरांचे, फार तर कुत्र्या-मांजरांचे. गिनी पिग दाखवला की "ससो काय?" हाच पहिला प्रश्न येतो. त्यांचा दोष नाही, हा प्राणी इकडे नवा आहे. पण त्यामुळे डोळ्याचं दुखणं ओळखायची पहिली जबाबदारी आपल्यावर येते.

माझ्याकडे तिघे आहेत, गोदा, तांबू आणि चिंगी. गोदा आणि तांबूचे डोळे बघून घरी आलेला माणूस दचकतो, आणि त्या दोघांना काडीचाही त्रास नाही. चिंगीचा डोळा लांबून नुसता ओलसर दिसतो, आणि जिवावर बेतलं ते तिच्याच. गिनी पिगच्या डोळ्यांचं गणित असं उलटं आहे, आणि ते आधी माहीत असतं तर मी गोदावर वाया घालवलेला वेळ चिंगीला दिला असता.

जे दिसतं विचित्र, पण बहुतेकदा आजार नसतो

सगळ्यात आधी दुधाळ पाणी. गिनी पिग तोंड धुताना डोळ्यांतून पांढरट, दुधासारखा द्रव सोडतात, तो पुढच्या पायांनी तोंडावर चोळतात आणि साफसफाई करतात. हे काही सेकंदांत आटोपतं, दोन्ही डोळ्यांत होतं आणि नंतर डोळा स्वच्छ, चकचकीत दिसतो. नवीन पाळणारा हे पाहून घाबरतोच. हा पू नाही. पू घट्ट, पिवळट किंवा हिरवट असतो, कोपऱ्यात साचतो, वाळला की खपली धरतो.

गोदाच्या दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापणीत भिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्यासारखा फुगवटा आहे. पापणीच्या आतल्या अस्तरामागे चरबी किंवा ग्रंथीचा भाग पुढे आला की असं दिसतं. कधी अंगाने जाड झालेल्या प्राण्यात दिसतं, कधी ते घराण्यातच असतं. मी तिला तीन आठवडे थेंब घातले, शेकलं, आणि काहीच फरक पडला नाही, कारण बरं करण्यासारखं तिथे काही नव्हतंच. डोळा लाल नाही, पाणी नाही, पापणी पूर्ण मिटते आणि खाणं नेहमीसारखं आहे, तर हात लावू नका. मात्र एकदा डॉक्टरांच्या नजरेखालून घाला, कारण क्वचित तिथे खरी गाठही येते. फुगवटा एकाच डोळ्यात असेल, वाढत असेल किंवा त्याच्यामुळे पापणी मिटत नसेल, तर ते प्रकरण वेगळं.

तांबूचं जास्त नवलाचं. त्याच्या बुबुळाच्या कडेला, नखाच्या मुळाशी पांढरी चंद्रकोर असते ना, तशी पांढरी कमान आली. शेजारची काकी बघून म्हणाली, "गो बाय, ह्येच्या डोळ्यात फूल पडलां!" मलाही तेच वाटलं. प्रत्यक्षात ते डोळ्याच्या आत तयार झालेलं हाड आहे. रंगीत पडद्याच्या मागे जे स्नायूंचं कडं असतं, त्यात हाड तयार होऊन साचत जातं. गिनी पिगमध्ये हा प्रकार ओळखीचा आहे, वय वाढलं की जास्त दिसतो, कधी एका डोळ्यात, कधी दोन्हींत. बहुतेकांना त्याने त्रास होत नाही आणि दिसायलाही अडचण येत नाही. फक्त क्वचित डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून महिन्यातून एकदा मी तांबूला समोर धरून दोन्ही डोळे सारख्याच आकाराचे आहेत ना, हे बघते.

पांढरं कुठे आहे, ते आधी ठरवा

"डोळा पांढरा झालाय" एवढं सांगून कुठलाही डॉक्टर फोनवर मदत करू शकत नाही. पांढरं नेमकं कुठे आहे, यावर सगळं ठरतं. खोलीत अंधार करा, मोबाईलची बत्ती डोळ्यात सरळ न मारता बाजूने, कानाच्या अंगाने धरा, आणि बघा.

कडेला, आत, रेखीव कमान दिसली तर ते तांबूसारखं हाड असण्याची शक्यता मोठी. मधोमध, काळ्या बाहुलीच्या आत पांढरं दिसलं आणि वरचा पृष्ठभाग मात्र काचेसारखा स्वच्छ असला, तर मोतीबिंदू. म्हाताऱ्या गिनी पिगला होतो, काहींना जन्मतः असतो, मधुमेहातही होतो. त्यात घाई नसते. आंधळा गिनी पिग पिंजऱ्यातली मांडणी बदलली नाही तर वास आणि आवाजावर उत्तम जगतो.

आणि तिसरं, ज्यात घाई असते, ते म्हणजे पृष्ठभागावर आलेला निळसर-पांढरा धुरकटपणा. काचेवर वाफ धरल्यासारखा. बत्ती बाजूने फिरवली की तिथे चकाकी तुटते. हा बुबुळावरचा ओरखडा किंवा व्रण. काल रात्री नव्हता आणि आज सकाळी आहे, असंच बहुतेकदा होतं. यात एक दिवससुद्धा थांबू नये. डॉक्टर डोळ्यात एक नारिंगी रंगाची पट्टी टेकवतात आणि निळ्या उजेडात बघतात. जिथे जखम आहे तिथे हिरवं चमकतं. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, स्वस्त आहे, आणि माणसांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ती पट्टी हमखास असते. तुमच्या गुरांच्या डॉक्टरांकडे नसेल तर त्यांना सांगून आणवता येते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. गिनी पिगच्या पापण्या फार क्वचित लवतात आणि बुबुळावर त्यांना संवेदनाही आपल्यापेक्षा कमी असते. कुत्रा डोळा चोळून चोळून सांगेल, गिनी पिग सांगणार नाही. तो डोळा किंचित बारीक करून कोपऱ्यात बसेल. म्हणून तो रडत-ओरडत नाही, याचा अर्थ दुखत नाही असा घेऊ नका.

माझी मोठी चूक

तिसऱ्या खेपेला चिंगीच्या डोळ्यात मी बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब घातले. आधीची बाटली संपली होती, पाऊस धो धो लागला होता आणि घरातली बाटली हाताशी होती. ऑपरेशननंतर देतात त्या थेंबांत बहुतेकदा अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने लाली चट्कन उतरते, आपल्याला वाटतं गुण आला. पण बुबुळावर बारीकशी जखम असेल तर स्टेरॉइड ती भरू देत नाही, उलट खोल करतं. चिंगीच्या डोळ्यावर तीन दिवसांत धुरकट डाग आला. तो डाग आजही थोडा आहे आणि तो माझ्यामुळे आहे.

बाटलीवर बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काहीही लिहिलेलं असेल तर रंगाची तपासणी झाल्याशिवाय एक थेंबही घालू नका. शिवाय डोळ्यांच्या थेंबांची बाटली उघडल्यावर साधारण चार आठवड्यांत टाकून द्यायची असते, मग ती अर्धी भरलेली असली तरी.

याहून मोठा धोका तोंडाने द्यायच्या औषधाचा. डोळ्यातून पू येतोय म्हटल्यावर मेडिकलवाला चांगल्या मनानेच लहान मुलांचं अमोक्सिसिलिनचं औषध हातात ठेवेल. गिनी पिगला ते जीवघेणं ठरू शकतं. त्याचं पचन आतड्यातल्या उपयोगी जंतूंवर चालतं. अमोक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं पोटातून गेली की ते जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. डॉक्टर गुरांचे असले तर न संकोचता ही यादी त्यांच्यापुढे ठेवा. आमच्या डॉक्टरांनी ती वहीत उतरवून घेतली, आणि त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. गरज पडली तर एन्रोफ्लॉक्सासिनसारखी चालणारी औषधं आहेत, पण मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची.

घरी करण्यासारखं एकच आहे. मेडिकलमधून नॉर्मल सलाईनची छोटी बाटली आणा, ते कोमट करा, गॉजच्या तुकड्याने खपली भिजवून अलगद पुसा. कापूस नको, त्याचे धागे डोळ्यात राहतात. मध, गुलाबपाणी, हळदीचं पाणी, काजळ यातलं काहीही नको.

पुन्हा पुन्हा का होतं: गवत, हवा, खाणं

डोळा परत परत बिघडत असेल तर प्राण्याच्या आधी पिंजरा तपासा. आमच्याकडे सगळ्यात वरचा संशयित गवत.

सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत दिवाळीच्या सुमारास कापून येतं. त्यात कुसळी गवत असतंच. त्या कुसळाचं टोक सुईसारखं आणि त्यावर मागे वळलेले केस, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. गिनी पिग गवतात डोकं खुपसूनच खातो. म्हणीतलं दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मी इथे खरोखर बघितलंय: तांबूच्या वरच्या पापणीखाली अडकलेलं, दोन दिवस न दिसलेलं. एकाच डोळ्यातून अचानक पाणी, डोळा घट्ट मिटलेला, असं असेल तर पापणी हळूच उचलून बघा. सलाईनच्या धारेने निघालं तर ठीक. रुतलेलं असेल तर चिमट्याने ओढू नका, डॉक्टरांकडे जा. सड्याचं गवत द्यायचंच तर फुलोऱ्याआधी कापलेलं घ्या.

भाताचा पेंढा आणि तूस हे दुसरं. पेंढा टोकदार, धुळीचा, आणि पोषणाला कमी. तूस तर आंथरूणासाठी अजिबात नको, त्याचे कण डोळ्याला खरचटतात. मी आता बाहेरून टिमोथी जातीचं वाळलेलं गवत मागवते, मे महिन्यातच चार महिन्यांचं. एक दिवस उन्हात घालून घट्ट झाकणाच्या पिंपात भरते. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्या मुलखात उघडं गवत आठ दिवसांत बुरसटतं, आणि बुरशीची धूळ डोळ्याला आणि छातीला दोन्हीला वाईट. द्यायच्या आधी अंगणात झटकून घ्यायचं. पावसात ओलं गवत भरपूर असतं, दूर्वा तर ते अगदी आवडीने खातात, पण आंब्याच्या बागेत मोहोरावर फवारणी चालू असताना झाडाखालचं गवत कापू नका.

हवा. जून ते सप्टेंबर आपण खिडक्या लावून घेतो, पिंजरा पडवीतून माजघरात येतो, आणि लघवीचा उग्र वास कोंडतो. पिंजऱ्याच्या उंचीवर नाक नेऊन बघा. तुमच्या डोळ्याला झोंबलं तर त्यांना दिवसभर झोंबतंय. पावसाळ्यात मी आंथरूण दोन दिवसांनी बदलते. डासांची कॉइल, धूप, संध्याकाळची धुरी, चुलीचा धूर हे सगळं त्या खोलीबाहेर. या कारणांनी होणारा त्रास बहुतेकदा दोन्ही डोळ्यांत असतो, ही खूण उपयोगी आहे.

खाणं. आपल्यासारखंच गिनी पिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोज खाण्यातून जावं लागतं, वजनाच्या किलोमागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम. कमी पडलं की डोळ्याभोवती खपल्या, खरखरीत केस, सांधे दुखल्यासारखं चालणं, हिरड्यांतून रक्त, आणि कुठलाही जंतुसंसर्ग लवकर बरा न होणं. दाणेदार खाद्यातलं हे जीवनसत्त्व बनवल्यापासून तीनेक महिन्यांत बरंचसं उडून जातं, आपल्या दमट हवेत तर विचारूच नका. पाण्यात थेंब टाकण्याचाही भरवसा नाही, ते पाण्यात टिकत नाही. रोज ढोबळी मिरचीचा बोटभर तुकडा, कोथिंबीर, अधूनमधून पेरूची पातळ फोड, एवढ्याने भागतं. पेरू गोड, म्हणून थोडाच. शेवग्याचा पाला आणि माठ रोज नको, मूतखड्याची भीती असते.

संसर्ग म्हणाल तर लहान पिल्लांत क्लॅमिडिया नावाच्या जंतूच्या एका जातीमुळे डोळे येतात, दोन्ही डोळे सुजतात आणि पिंजऱ्यातल्या इतरांना लागण होते. क्वचित माणसालाही होऊ शकते, म्हणून हात धुवा. डोळ्याबरोबर नाकही वाहत असेल, श्वासाला घरघर असेल, तर ते छातीचं दुखणं आहे आणि त्याच दिवशी दाखवायचं. घरात कुत्रा किंवा ससा असेल तर वेगळा ठेवा. त्यांना काही न करणारे जंतू गिनी पिगला न्यूमोनिया देऊ शकतात.

आणि पिल्लांबद्दल एवढंच: गिनी पिगची पिल्लं डोळे उघडे घेऊनच जन्मतात. पहिल्या दिवशी डोळा मिटलेला किंवा गळता दिसला तर पापणी आत वळून केस डोळ्याला घासत असतील. तेही लवकर दाखवा.

हे सगळं ठीक असेल, तर तोंड उघडा

चिंगीच्या बाबतीत मी गवत बदललं, हवा सुधारली, मिरची चालू होतीच. तरी उजवाच डोळा, दर वेळी उजवाच. इथे मला थबकायला हवं होतं. घरातल्या हवेचं किंवा खाण्याचं दुखणं एका डोळ्याला निवडत नाही.

गिनी पिगला वीस दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढतात. वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या खोबणीच्या अगदी खाली असतात. झीज पुरेशी झाली नाही की दाढ तोंडात वाढते आणि मूळ उलट दिशेने, वर सरकतं. ते अश्रूंच्या नळीला आणि डोळ्यामागच्या जागेला दाबतं. डोळा पाझरतो, कधी किंचित पुढे येतो, कधी मागे गळू होतं. थेंबांनी वरचा संसर्ग तात्पुरता मरतो, मूळ तिथेच राहतं.

याच्या खुणा मी आता डोळे मिटून सांगू शकते. प्राणी खाण्याकडे धावतो, तोंडात घेतो आणि टाकतो. आधी गवत सोडतो, मग दाणे, मग गाजर, शेवटी मऊ पानंच खातो. हनुवटी ओली. लेंड्या बारीक आणि कमी. खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर उंचवटे लागतात. आणि वरून, डोक्याच्या बाजूने बघितलं तर एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे दिसतो. समोरून हे दिसत नाही, वरूनच बघा. पुढचे दात सरळ दिसतात म्हणून दाढा ठीक असतील, असं समजू नका, मी तेच समजले होते.

सगळ्यांत खात्रीची खूण वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, वर प्लास्टिकचं टोपलं ठेवा, दर रविवारी त्याच वेळी वजन लिहा. एका आठवड्यात ५० ग्रॅमपेक्षा जास्त उतरलं तर डोळा कितीही बरा दिसत असला तरी दाखवायचं. मी हे पहिल्या पावसाळ्यापासून केलं असतं तर गणपतीतच उत्तर मिळालं असतं.

शेवटी कोल्हापूरला लहान प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांनी कवटीचा एक्स-रे काढला. वरच्या उजव्या दोन दाढांची मुळं खोबणीपर्यंत गेली होती. भूल देऊन दाढा घासल्या. भूल द्यायच्या आधी गिनी पिगला रात्रभर उपाशी ठेवत नाहीत, हे तुमच्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. घरी आल्यावर पाच दिवस मी दाणेदार खाद्य कोमट पाण्यात कालवून सुई नसलेल्या सिरिंजने भरवलं, दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. गिनी पिगचं पोट थांबलं की तो फार काळ तग धरत नाही.

मुळं मागे जात नाहीत. चिंगीच्या दाढा दर दोन-अडीच महिन्यांनी घासाव्या लागतात आणि डोळा अधूनमधून ओला होतोच. पण आता ती गवत खाते, आणि गेल्या रविवारी वजन ९०५ भरलं.

घाट चढून जायचं असेल तर

धुरकट पृष्ठभाग, पुढे आलेला डोळा, बारा तास न खाणं, श्वासाची घरघर यातलं काही असेल तर सकाळची वाट बघू नका. बाकी वेळी, पहाटे चारला निघा. कणकवलीवरून फोंडा घाट आणि राधानगरी मार्गे गेलं की उन्हाच्या आधी कोल्हापूर येतं. मूळचा अँडीज पर्वतातला, थंड कोरड्या हवेतला हा प्राणी, २७-२८ अंशांच्या वर त्याला उष्माघाताची भीती असते, आणि बंद गाडीत तेवढं तापायला वेळ लागत नाही. टोपल्यात नेहमीचं आंथरूण, मूठभर गवत आणि काकडीच्या दोन फोडी ठेवा. पाण्याची वाटी घाटात सांडते. वजनाची वही, वापरलेल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या, आणि डोळ्याचे समोरून, बाजूने आणि वरून काढलेले फोटो बरोबर घ्या. मी गोदालाही चिंगीसोबत नेते. दोघी एकमेकींना चिकटून बसल्या की चिंगी वाटेत गवत चघळते, आणि एकटी असली की चघळत नाही.